पुठ्ठ्याची भिंत

आमच्या घरातली एक भिंत खोटी आहे. बाकीच्या भिंती विटांच्या, गिलावा केलेल्या, खिळा ठोकायचा तर हात भरून येईल अशा. ही मात्र लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर दोन्ही बाजूंनी बोर्ड ठोकून उभी केलेली, आतून पोकळ. त्याला जिप्समचा बोर्ड म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. वस्तीत सगळे तिला पुठ्ठ्याची भिंत म्हणत आणि त्यात चूक काही नव्हतं, कारण वरून जाड कागद आणि आत खडूसारखा पांढरा गर, एवढंच तिचं अंग. नाना, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून मी या भिंतीच्या अलीकडे बसून थोडं थोडं लिहिते आहे. पलीकडे स्वयंपाकघर आहे. तिथे आता कोणी नसतं, तरी तिकडे पाठ करून बसवत नाही.

नाना नागापूरच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथल्या ऑफिसाची नव्याने मांडणी झाली तेव्हा उरलेले बोर्ड ज्याला हवे त्याने न्यावेत म्हणून गेटपाशी टेकवून ठेवले होते. कुणी कोंबड्यांच्या खुराड्यासाठी नेले, कुणी सरपण झाकायला. नानांनी ते टेम्पोत घालून घरी आणले ते आईच्या सांगण्यावरून. आमचं घर म्हणजे कारखान्यांच्या मागच्या वस्तीतली एकच लांबट खोली, मागे लहानसं अंगण आणि मोरी. त्या खोलीतच स्वयंपाक, तिथेच अंथरुणं, तिथेच माझी दप्तरातून सांडणारी पुस्तकं. आईचं माहेर पाथर्डीकडचं. लहानपणीचे हिवाळे तिने आईबापांबरोबर देवळाली प्रवरेच्या बाजूला उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत काढले होते. कोपीला भिंत नसते. पाचट सारून कोणीही आत डोकावतं. त्यामुळे असेल, पण तिला भिंतीचं भारी अप्रूप. पोरीला एक कोपरा पाहिजे, तिथं कोणी भांडं आपटायचं नाही, असं ती नानांना कितीतरी दिवस ऐकवत होती. शेवटी नानांनी एका रविवारी सांगाडा उभा केला आणि बोर्ड ठोकले. एका टोकाला जाण्यायेण्यापुरती जागा सोडून तिथे पडदा लावला. आईने त्या दिवशी भिंतीच्या दोन्ही बाजूंना फिरून, हात लावून पाहिला आणि मग जणू काही विशेष नाही अशा चेहऱ्याने शेपूची भाजी निवडायला बसली.

भिंत म्हणून ती फार कामाची नव्हती. कॅलेंडरचा खिळा तिच्यात टिकत नसे. महिना संपायच्या आत कॅलेंडर खाली. आवाज तर जसाच्या तसा आत येई. दिवसभर कारखान्यांची घरघर, पाळी बदलल्याचा भोंगा, कंपनीच्या बसचे हॉर्न, आणि भिंतीपलीकडून परातीत भाकरी थापल्याचे आवाज. बाजरीचं पीठ मळताना आईच्या बांगड्यांचा एक आवाज व्हायचा आणि थापताना दुसरा, त्यावरून जेवायला किती वेळ आहे हे मला पुस्तकातून डोकं वर न काढता कळायचं. तव्यावर भाकरी फुगल्याचा वास भिंत अडवूच शकत नसे. ठेचा परतला की दोघींनाही एकदम ठसका लागायचा, तिला तिकडे आणि मला इकडे.

स्वयंपाक झाला की ती मला जेवायला हाक मारत नसे. वाचणाऱ्या माणसाला नावाने हाक मारली की वाचलेलं सांडतं, अशी तिची समजूत होती. तिची तिनेच केलेली. ती उलथण्याच्या दांड्याने भिंतीवर दोनदा वाजवायची. मी इकडून "आले" म्हणायची. एवढंच. या आवाजाची मला इतकी सवय झाली होती की शाळेत मधल्या सुट्टीत बाकावर कोणी पट्टी आपटली तरी माझ्या तोंडून "आले" निघून जाई आणि मुली हसत. नाना बहुतेक दुसऱ्या पाळीला असत. संध्याकाळी ते कारखान्यात, त्यामुळे हा आमचा दोघींचा व्यवहार त्यांनी कधी ऐकलाच नाही.

आई आजारी पडली तेव्हा तिची खाट स्वयंपाकघरात, या भिंतीला लागून टाकली. आजाराचं सगळं इथे लिहीत नाही. दवाखान्याच्या चकरा झाल्या, मग दवाखान्याने घरी न्या म्हणून सांगितलं. शेवटी शेवटी तिचा आवाज गेला. बोलायला गेली की नुसता वारा यायचा. मग ती चमच्याने भिंतीवर वाजवू लागली. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली किंवा काहीच नको असलं, तरी. मी "आले" म्हणून पडदा सारून जायची आणि ती नुसती बघायची, किंवा माझं बोट पुस्तकात अडकवलेलं असलं तर त्याच्याकडे हात करून 'वाच वाच' अशी खूण करायची. चमचा एकाच जागी लागून लागून तिथला कागद फाटला. मग पांढरा गर झडायला लागला. तो तिच्या उशीवर, केसांत पडायचा. मी केस विंचरताना फुंकून काढायची. एका दुपारी चमचा आरपार आत गेला आणि तिथे लिंबाएवढं भोक पडलं. माझ्या बाजूचा बोर्ड शाबूत होता, पण मधली पोकळी उघडी पडल्यामुळे आवाज बदलला. आधी तो कोरडा होता, आता घुमायला लागला, माठावर टिचकी मारावी तसा. आईलाही ते कळलं असावं. त्यानंतर ती भोकाच्या जरा बाजूला वाजवायची, हलक्या हाताने, घर आणखी बिघडू नये म्हणून.

ती गेली त्याला आज इतकी वर्षं झाली, तरी त्या दिवसाविषयी लिहायला बसले की मी पाणी प्यायला उठते. म्हणून तो दिवस सोडून पुढचं लिहिते.

आईची थोरली बहीण, माझी मावशी, गावाहून आली. नाना तिला आक्का म्हणत आणि ती नानांना दाजी. मावशी हाडापेराने मोठी, आवाजाने त्याहून मोठी. उसाच्या मोळ्या उचलून तिची पाठ गेली होती, त्यामुळे मुलं आणि सुना फडावर गेल्या की ती नातवंडं सांभाळत गावीच राहायची. आली ती डोक्यावर बोचकं आणि बोचक्यात हुलग्याचं पीठ घेऊन. सुतकात आमच्या घरी चूल पेटत नव्हती, शेजारच्या काकू पिठलं-भाकरी आणून देत. मावशी ती भाकरी मोडून माझ्या पुढ्यात ठेवायची आणि मी खाते की नाही ते बघत बसायची. आई जिथे गेली तिथे, भिंतीच्या पायाशी, दिवा लावलेला होता. त्याची काजळी भिंतीवर चढत होती. मी पडद्याअलीकडे बसून पुस्तक उघडायची. वाचत नव्हते. कान भिंतीला असायचा. भिंतीपलीकडे माणसं येत, रडत, चहा पीत, पावसापाण्याचं बोलत. सगळे आवाज येत होते. हवा होता तो सोडून.

अशाच एका दुपारी मी माझ्याविषयी बोलणं ऐकलं. मावशी काकूंना सांगत होती की दाजी निम्मी रात्र कारखान्यात, पोर वयात आलेली, हिला या कंपन्यांच्या वस्तीत एकटी ठेवायची म्हणजे जिवाला घोर. गावात दहावीपर्यंत शाळा आहे. चार पोरं सांभाळते तशी पाचवी. काकूंनाही ते पटलं. बोलणं मायेचं होतं, यात शंका नाही. पण मला त्या घरातली गर्दी ठाऊक होती. एका चिमणीभोवती सगळी पोरं, आणि पुस्तक उघडलं की कोणीतरी मांडीवर येऊन बसणार. ते मी सहन केलं असतं. मला जायचं नव्हतं ते वेगळ्याच कारणासाठी. आई जिथे वाजवायची ती भिंत इथे होती. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं आणि मला कोणी विचारलंही नाही. नाना काय म्हणतील तेवढ्यावर सगळं होतं, आणि नाना तेव्हा काहीच म्हणत नव्हते. ते अंगणात मोरीच्या दगडावर बसून हाताचं ऑइल निघालेलं असतानाही हात धूत राहायचे.

दहाव्याच्या दिवशी पुरुष घाटावर गेले आणि बायकांनी घर धुवायला काढलं. सुतक फिटायचं म्हणजे घराचा कोपरा न् कोपरा धुऊन निघाला पाहिजे. मावशीने कासोटा खोचला. तिच्या गावाकडे घरं दगडमातीची. भिंतीला दरसाल पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, त्याआधी भरपूर पाणी मारायचं, की भिंत आणखी घट्ट होते. तिने आयुष्यभर हेच केलं होतं. मी अंगणात अंथरुणं बडवत होते. तिने आत गोमूत्र शिंपडलं, फरशी धुतली आणि मग दिव्याच्या काजळीने काळवंडलेली आमची भिंत बघून बादल्याच्या बादल्या तिच्यावर ओतल्या. वरून खाली खराट्याने घासलं. काजळी निघाली. भिंत स्वच्छ झाली आणि मावशी दुसऱ्या कामाला लागली.

थोड्या वेळाने आतून मावशीचा आवाज आला, "काय गं बाई ही." मी गेले. भिंतीवरच्या कागदाला फोड आले होते. खालचा भाग दुधात टाकलेल्या भाकरीसारखा फुगला होता आणि भोकाच्या भोवतालचा बोर्ड लोंबत होता. मावशीने तो सावरायला हात लावला तर तिच्या मुठीत लगदा आला. लिंबाएवढ्या भोकाचं ताटलीएवढं भगदाड झालं.

"ही भित हाय का पापड?" मावशी म्हणाली.

"अवो आक्का, पुठ्ठ्याची हाय ती," काकू म्हणाल्या.

"पुठ्ठ्याची भित कोन बांधतंय? खोक्यात ऱ्हाता का तुमी लोकं?" असं म्हणताना तिलाच हसू फुटलं, काकूंनाही फुटलं, आणि मग हसता हसता मावशी भिंतीशी फतकल मारून खाली बसली. हातातला लगदा तिला कुठे ठेवावा कळेना. "बहिनीचं घर धुवायला आलते," ती म्हणाली, "न् पाडून बसले."

नाना घाटावरून आले. डोक्याचे केस काढलेले, त्यामुळे ओळखीचे वाटत नव्हते. मावशीने पदर सावरत झालेलं सांगितलं. नानांनी भगदाडाकडे पाहिलं, वाकून आतल्या पट्ट्यांकडे पाहिलं. त्यांच्या कारखान्यात एखादं मशीन बंद पडलं की ते तसंच वाकून बघत असतील. मला वाटलं ते रागावतील. पण ते रागावले नाहीत.

"ऱ्हाऊ द्या आक्का," ते म्हणाले. "काढूनच टाकू ती. आता कोनासाठी ठेवायची."

मी बादली घेऊन तिथेच उभी होते. आज या वयात मला त्या वाक्याचा अर्थ लागतो. त्यांना आई दिसत होती, तिची खाट दिसत होती, आणि त्या जागेकडे रोज कसं बघायचं हे त्यांना कळत नव्हतं. पण तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांची होते आणि मला एवढंच ऐकू आलं की ज्यांच्यासाठी भिंत ठेवायची त्यांत मी नाही. मी बादली मोरीत पालथी घातली आणि बराच वेळ मोरीतच थांबले. त्या संध्याकाळी मावशीने नानांसमोर गावी न्यायची गोष्ट काढली. नाना "बघू" म्हणाले. मावशीने तो होकार धरला आणि तेरावं झालं की दुसऱ्या दिवशीच्या एसटीने निघायचं ठरवून टाकलं.

तेराव्याला पाहुणे येणार, तोवर भगदाड उघडं कसं ठेवायचं, म्हणून नानांनी शेजारच्या बांधकामावरून घमेलंभर सिमेंट कालवून आणलं आणि आत दडपलं. त्यांचा हात लोखंडाचा. जड आणि घट्ट ते पक्कं, असा त्यांचा हिशेब. वरून थापी फिरवल्यावर ते चांगलं सपाट दिसलं. तेराव्याच्या दिवशी स्वयंपाकघरातच पंगत बसली. आईचे भाऊ, चुलते, वस्तीतली माणसं. वरण-भात वाढून झाला होता, तेवढ्यात भिंतीने तो सगळा सिमेंटचा गोळा एका दमात ओकून टाकला. तो धप्पकन फरशीवर पडला, मामांच्या पत्रावळीपासून वीतभर अंतरावर. कोणाचा हात भातात, कोणाचा तोंडाशी.

"दाजी," मामा म्हणाले, "तुमच्या भितीला लई भूक लागली. तिलाबी एक पत्रावळ वाढा."

लोक हसले. हसून घ्यायला काहीतरी मिळालं म्हणून जरा जास्तच हसले. नाना हसले नाहीत. ते पंगतीतून उठले, तो गोळा उचलून अंगणात नेऊन ठेवला आणि परत पानावर आले नाहीत. मी वाढणाऱ्यांत होते. अंगणाच्या दारातून मला ते दिसत होते. मोरीच्या दगडावर बसून त्या गोळ्याच्या खालच्या बाजूकडे बघत होते. त्याला भिंतीचा कागद चिकटून आला होता आणि कागदावर आईच्या चमच्याचे पोचे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारची एसटी होती. मावशी सकाळीच काकूंकडे निरोप घ्यायला गेली. मी माझ्या कोपऱ्यात पिशवी भरत होते. कपडे थोडेच होते. पुस्तकांतली कोणती न्यायची हे ठरत नव्हतं. न्यायची म्हटलेली परत फळीवर ठेवत होते आणि ठेवलेली उचलत होते. बाहेर कारखान्यांची नेहमीची घरघर. आणि तेवढ्यात भिंतीवर दोनदा वाजलं.

"आले," मी म्हटलं.

म्हटलं, आणि उठलेही. पडदा सारून पलीकडे जाईपर्यंत मला काही खटकलं नाही. तिथे नाना उभे होते. हातात स्क्रू ड्रायव्हर, त्याची मूठ भिंतीकडे. ते भिंत वाजवून बघत होते. आत लाकडी पट्टी कुठे आहे ते तसंच कळतं. पट्टी असेल तिथे आवाज बद्द, नसेल तिथे पोकळ. नवा तुकडा बसवायचा तर त्याला धरायला पट्टी लागते. त्यांनी मला हाक मारलेली नव्हती. मी पडद्यात उभी राहिले आणि माझ्या तोंडाचं काय झालं असेल ते असो, नाना माझ्याकडे बघत राहिले.

"मी बोलावलं नव्हतं," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"आई अशी वाजवायची?"

"हो."

"जेवायला?"

"जेवायला. नंतर कशालाही."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, भगदाडाच्या कडांकडे, तिथल्या पोच्यांकडे. हे भोक खाट लागून पडलं असं ते इतके दिवस समजत होते. मला हे त्यांनी पुढे कितीतरी वर्षांनी, सहज बोलताना सांगितलं. त्या वेळी मात्र ते एवढंच म्हणाले, "आलीच आहेस तर इकडून धर."

मग आम्ही ते काम केलं. माळ्यावर एक उरलेला बोर्ड होता, धुळीने माखलेला. नानांनी भगदाडाच्या भोवती पट्टीने चौकोन आखला, फुगलेला आणि भिजून वाळलेला सगळा भाग करवतीच्या पात्याने कापून काढला. कडा सरळ होईतो तासल्या. आधी सिमेंट कालवताना त्यांनी घाई केली होती. आता ते कारखान्यात करत तसं करत होते. मोजायचं, परत मोजायचं, मग कापायचं. नवा चौकोन कापून मी तो भिंतीत धरला आणि त्यांनी पट्टीत स्क्रू पिळले. सांध्यावर नुसती लांबी, म्हणजे फटी बुजवायचा मसाला, भरली तर पुढे चीर जाते, तिथे कापडाची पट्टी हवी, असं ऑफिसाचं काम चाललं होतं तेव्हा त्यांनी पाहिलं होतं. पट्टी कुठून आणायची म्हणून ते इकडेतिकडे बघू लागले. आईच्या औषधांच्या डब्यात बँडेजची गुंडाळी उरलेली होती. मी ती काढून दिली. त्यांनी ती घेतली, जरा थांबले, आणि चारी सांध्यांवरून लावली. मी लांबीसाठी प्लास्टरची पावडर पाण्यात कालवत होते. ती भराभर घट्ट होते, हाताला गरम लागते. मला ते ठाऊक नव्हतं. भांड्यात काहीतरी जिवंत होतंय असं वाटून मी हात मागे घेतला, तेव्हा नानांनी माझ्या हाताकडे पाहून, "भाजत नाही, कर," म्हटलं.

कापून काढलेला जुना तुकडा फरशीवर पडला होता. वाळून आकसलेला, एका कडेला पोचे असलेला. सांध्यांवर पट्टी लावायच्या आधी, शेवटचा स्क्रू राहिला होता तेव्हाच, नानांनी चौकोन परत ढिला करायला सांगितला होता. तो तुकडा उचलला आणि भिंतीच्या पोकळीत, खालच्या आडव्या पट्टीवर टेकवून उभा ठेवला. मग भिंत बंद केली.

मावशी आली तेव्हा मी खुर्चीवर उभी राहून वरच्या सांध्यावर लांबी ओढत होते आणि नाना खालून कुठे उंचवटा राहिला ते दाखवत होते. मावशीने आधी भिंत पाहिली, मग माझे पांढरे झालेले हात, मग पडद्याच्या फटीतून दिसणारी माझी अर्धवट भरलेली पिशवी. तिने हातातलं बोचकं खाली ठेवलं.

"आक्का," नाना मागे न वळता म्हणाले, "या भितीला कधी पानी लावायचं न्हाई. वैशूला सांगून ठेवलंय. ती बघंल आता."

"मंजी न्हाई यायची ती," मावशी म्हणाली.

"न्हाई."

"सांजचं कोन हाय तिला, दाजी? तुमी तिकडं, पोर हितं. भिताडाशी बोलंल का?"

"पहिली पाळी मागतो."

"दिली न्हाई तर?"

नाना सांध्यावरचा आणखी एक उंचवटा बोटाने चाचपत राहिले. मावशी माझ्याजवळ आली. खुर्चीवर असल्यामुळे मी तिच्याहून उंच होते. तिने माझ्याकडे मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "तुला काय वाटतंय गं, वैशे?" इतक्या दिवसांत हे मला पहिल्यांदा कोणी विचारलं होतं. मी म्हटलं, "मी इथं राहते मावशी." तिने मान हलवली, पदराने नाक पुसलं आणि एसटीला अजून वेळ आहे म्हणत गॅसशी गेली. बोचक्यातलं उरलेलं हुलग्याचं पीठ काढून तिने शेंगोळे केले, तिखटजाळ, लसूण भरपूर, आईला आवडायचे तसे. तिघांनी ओल्या भिंतीपासून जरा लांब बसून खाल्ले. जाताना ती भिंतीपाशी थांबली. हात लावायला गेली आणि तसाच मागे घेतला. "वाळू दे बाई," असं म्हणाली, कोणाला ते कळलं नाही.

पहिली पाळी नानांना लगेच मिळाली नाही. एक उन्हाळा, एक पावसाळा, पुन्हा उन्हाळा असा काळ गेला. त्या संध्याकाळी मी एकटी काढल्या. मावशीचं म्हणणं खोटं नव्हतं. दिवे लागले की भिंतीपलीकडची शांतता मला ऐकू यायची, आणि ती कारखान्यांच्या घरघरीनेही भरून निघत नसे. मी माझी भाकरी थापायची, वाकडीतिकडी, तव्यावर न फुगणारी. मग ती घेऊन अलीकडे येऊन पुस्तक उघडून जेवायची. गावी गेले असते तर पोरांच्या गोंगाटात दुःख लवकर झिजलं असतं का, हा प्रश्न मला पुढेही पडला. उत्तर मिळालं नाही. मी राहिले, एवढं खरं. दिवसभर मुलं असतात म्हणून पुढे शाळेच्या ग्रंथालयात नोकरी धरली, आणि संध्याकाळी परत या कोपऱ्यात.

नानांना पहिली पाळी मिळाल्यावर ते संध्याकाळी घरी असायला लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी चहा केला, खूप गोड, आणि भिंतीवर दोनदा वाजवलं. जोडाच्या चौकोनावर नाही, त्याच्या जरा बाजूला. मी "आले" म्हटलं. त्यानंतर ते कायमचंच झालं. आम्ही दोघं बोलायचो कमी. म्हातारपणी गुडघे गेले तेव्हा त्यांनी त्यांची खाट स्वयंपाकघरात, आईची होती तिथेच टाकून घेतली. आवाज त्यांचा शेवटपर्यंत खणखणीत होता, नुसती हाक मारली तरी भागलं असतं. मी तसं म्हटलंही होतं. ते म्हणाले, तू वाचत असतेस.

या पावसाळ्यात नाना गेले. भाड्याने आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर परत नेताना त्या माणसाकडून तो कलला आणि भिंतीला कोपऱ्यात खोक पडली. फार मोठी नाही. माणूस बिचारा ओशाळला, ताई कोणाला तरी पाठवतो म्हणाला. मी नको म्हटलं. भेटायला येणारी माणसं सांगतात की आता ही भिंत काढून टाका, एकट्या माणसाला दोन खोल्या कशाला, हवा खेळती राहील. मी ऐकून घेते. आज सकाळी खोकेच्या कडा तासल्या, नानांच्या औषधांच्या डब्यातली बँडेजची पट्टी लावली आणि लांबी ओढली. ऊन तिरपं आल्यावर जुना चौकोन अजूनही दिसतो, चारी कडा किंचित वर आलेल्या. माझा आजचा जोड त्याहून ओबडधोबड झाला आहे. उंचवटा कुठे राहिला ते दाखवायला कोणी नव्हतं.

संध्याकाळी लांबी वाळली की नाही ते बघायला मी बोटाच्या पेराने भिंतीवर दोनदा वाजवलं. आवाज चांगला कोरडा आला. मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग पडदा सारून पलीकडे गेले आणि एकीचाच चहा टाकला.